रोज पिणाऱ्याचे श्रावणातले पहिले पाच दिवस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढ संपत आला की गटारीच्या बातम्या सुरू होतात. मटणाच्या दुकानापुढच्या रांगा, कोंबडीचा भाव, नाक्यानाक्यावरची पोलिसांची तपासणी. दीप अमावास्येची रात्र सरली की बातम्याही सरतात. व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्यांची काळजी मात्र तिथून पुढे सुरू होते, कारण त्या रात्रीनंतर असंख्य माणसे दारू एकदम बंद करतात. कोणी महिन्यापुरती, कोणी गणपतीचे विसर्जन होईपर्यंत, तर कोणी आषाढीला पंढरपुरात माळ घातली म्हणून कायमची. या निश्चयाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण रोज पिणाऱ्याने असे एका रात्रीत थांबणे जिवावर बेतू शकते. त्याचे पहिले पाच दिवस कसे काढायचे हे घरातल्या माणसांना कोणी सांगितलेले नसते, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. जागेअभावी कापायचे झाल्यास तासांचा हिशेब आणि थायमिन या जीवनसत्त्वाचा भाग तेवढा कापू नये, ही विनंती.

धोका सगळ्यांना नसतो. लग्नकार्यात किंवा शनिवारी-रविवारी घेणाऱ्याने श्रावण पाळला तर फार तर चार दिवस त्याला चुकल्यासारखे होईल. धोका आहे रोज घेणाऱ्याला, आणि त्यातही ज्याला सकाळी उतारा लागतो त्याला. उतारा म्हणजे रात्रीची नशा उतरवायला घेतलेला घोट, असा आपला समज आहे. खरे तर रात्रीच्या सहा-सात तासांत रक्तातली दारू कमी झालेली असते, त्यामुळे हाताला कंप सुटतो, मळमळते, आणि तो घोट घेतल्यावर ते थांबते. म्हणजे ज्या त्रासाबद्दल आम्ही लिहितो आहोत तो या माणसाला रोज पहाटे थोडा थोडा होतच असतो. उतारा लागणाऱ्याने डॉक्टरांना भेटल्याशिवाय एकदम बंद करू नये.

किती प्यायले जाते याचा हिशेब घरोघरी चुकतो. विदेशी मद्याच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ७७ मिली, वजनाने साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. 'ते दारू घेत नाहीत, फक्त बिअर घेतात' असे सांगणारे खूप भेटतात. आठ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम असते. रोज दोन बाटल्या झाल्या की क्वार्टरच्या वर हिशेब जातो. हातभट्टीची आणि ताडीची ताकद दर वेळी वेगळी असते. तिथे ग्लास किती, पहिला किती वाजता आणि रोज पैसे किती जातात, एवढे डॉक्टरांना सांगितले तरी त्यांना अंदाज येतो.

दारू मेंदूचे काम मंदावते. रोज मंदावणारे काही येत राहिले की मेंदू तोल राखण्यासाठी स्वतःला आतून जास्त जागे, जास्त ताणलेले ठेवायला शिकतो. दारू एका रात्रीत काढून घेतली, तरी तो ताण काही दिवस तसाच राहतो. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते, ते यामुळे. त्याच्या पुढची पायरी फिट, आणि त्याहून पुढची पायरी वात, म्हणजे भान सुटून नसलेले दिसू लागणे. मन खंबीर असले म्हणून या पायऱ्या टळत नाहीत.

आता तासांचा हिशेब. अमावास्येच्या रात्री अकरा वाजता शेवटचा पेला झाला असे धरू. प्रतिपदेच्या पहाटे पाच ते सातच्या सुमारास कंप, घाम, मळमळ, चिडचिड सुरू होते. त्या दिवशी हे वाढत जाते आणि रात्री झोप लागत नाही. फिट येण्याचा काळही त्याच पहाटेपासून सुरू होऊन द्वितीयेच्या रात्रीपर्यंत, म्हणजे शेवटच्या पेल्यानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत असतो. पहिल्या दिवसाच्या रात्रीच काहींना कोणी हाक मारल्याचे भास होतात, पण वार, तारीख, माणसे यांचे भान शाबूत असते. सगळ्यात घातक काळ द्वितीयेच्या रात्रीपासून चतुर्थीच्या रात्रीपर्यंत. बहुतेकांचा त्रास तोवर ओसरायला लागलेला असतो, पण थोड्या जणांना याच वेळी वात होतो. वैद्यकीय भाषेत त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो.

वात झालेला माणूस ओळखायला अवघड नसतो, फक्त घरातले त्याचा वेगळाच अर्थ लावतात. त्याला भिंतीवर मुंग्या, अंथरुणात किडे, कोपऱ्यात साप दिसतात. तो चादर चिमटीत धरून काहीतरी वेचत राहतो. ड्रायव्हर असेल तर हवेत स्टिअरिंग फिरवतो, शिंपी असेल तर कापड शिवल्यासारखे हात चालवतो. अंग तापते, नाडी धावते, दिवस की रात्र हे कळत नाही. साप दिसतात म्हटल्यावर, त्यातून तोंडावर नागपंचमी आलेली, काही घरांत देवाचा कोप किंवा बाहेरची बाधा मानून भगताकडे नेले जाते. भगताच्या अंगणात गेलेला तो अर्धा दिवस फार महाग पडतो. साधी परीक्षा आहे. 'अहो, आज वार कोणता? आपण आत्ता कुठे बसलोय? ही कोण?' एवढे तीन प्रश्न दर चार तासांनी विचारायचे. आधी नीट सांगणारा माणूस उत्तरे चुकायला लागला की १०८ ला फोन करायचा, सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. त्याला दोरीने बांधू नये. बांधलेला माणूस धडपडून आणखी तापतो, त्याच्या शरीरातले पाणी कमी होते आणि उलटी झाली तर श्वासात अडकते. खोलीत दिवा चालू ठेवावा, त्याच्या ओळखीचे एकच माणूस जवळ बसावे, काठ्या-कात्र्या-विळ्या बाजूला कराव्यात, गच्चीचे दार बंद करावे.

'गेल्या श्रावणात काही झाले नव्हते' या वाक्यावर विसंबू नये. दर वर्षी महिनाभर सोडायची आणि पोळ्याच्या करीला पुन्हा धरायची, असे करणाऱ्याचा मेंदू प्रत्येक वेळी जास्त चिडका होत जातो. तिसऱ्या वर्षी फक्त कंप सुटला, पाचव्या वर्षी फिट आली, असा क्रम दिसू शकतो. ज्याला आधी एकदा फिट येऊन गेली आहे किंवा वात झाला आहे, त्याने घरी सोडण्याचा प्रयोग करूच नये. साठीपुढचा माणूस, गरोदर स्त्री, कावीळ झालेला किंवा पोटात पाणी झालेला, नुकताच डोक्यावर पडलेला, झोपेच्या गोळ्याही घेणारा, एकटा राहणारा, आणि 'आता जगून काय करायचे' असे बोलणारा, या सगळ्यांचे पहिले पाच दिवस रुग्णालयातच जायला हवेत. स्त्रिया दारू पितात हे बोलले जात नाही. त्यामुळे त्या घरातल्या घरात, कोणाला न सांगता एकदम बंद करतात आणि फिट आल्यावरच कळते. त्यांच्यासाठीही हेच सगळे लागू आहे.

मग करायचे काय? अमावास्येच्या आधी चार-पाच दिवस डॉक्टरांना भेटायचे. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, हे काम त्यांचेच आहे. तिथवर जाणे जमत नसेल तर नेहमीच्या एमबीबीएस डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे की रोज इतकी घेतो, इतक्या वर्षांपासून घेतो, सकाळी उतारा लागतो, बंद करायची आहे. लाजून निम्मे सांगितले की औषधही निम्मे मिळते. डॉक्टर रक्तदाब पाहतील आणि साखर, यकृत, रक्तातले क्षार तपासतील. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम कमी असेल तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्रास लांबतो, म्हणून ही तपासणी टाळू नये. डॉक्टर भेटेपर्यंत पिणे एकदम थांबवण्यापेक्षा रोजच्या प्रमाणाच्या वर जाऊ न देणे जास्त सुरक्षित. घरच्या घरी कमी करत आणायचेच असेल तर दर चार दिवसांनी सुमारे दहा टक्के, याहून घाई नको. कंप, घाम वाढला तर आधीच्या पायरीवर थांबायचे.

डॉक्टर बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात. यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम देतात. या गोळ्या मेंदूचा तो चिडकेपणा दारूशिवाय शांत ठेवतात. पहिल्या दिवशी मात्रा सगळ्यात जास्त, मग रोज थोडी कमी, आणि साधारण आठवडाभरात बंद. गोळ्यांची पट्टी पिणाऱ्याच्या हातात देऊ नये. घरातल्या एका माणसाने वेळेवर एकेक द्यावी आणि वहीत लिहावे. गोळी घेऊन वर दारू घेतली तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो. म्हणून मध्येच तो पिऊन आला तर पुढची गोळी द्यायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. हाक मारूनही जाग येत नसेल, जीभ जड झाली असेल, तरीही पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचे. त्या दिवसांत गाडी, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, विहिरीची मोटर यांच्याजवळ त्याला जाऊ देऊ नये. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, ती योग्यच आहे. शेजाऱ्याकडे उरलेल्या झोपेच्या गोळ्या आणून दिल्या जातात तेव्हा मात्रा चुकते आणि पुढे त्या गोळीचीच सवय लागते.

आता थायमिन. हे जीवनसत्त्व ब-१ आहे. अतिशय स्वस्त, आणि यावाचून माणसाची स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच असतो. पिणारा नीट जेवत नाही, आणि जे खातो त्यातले थायमिन दारूने बिघडलेले आतडे नीट शोषत नाही. थायमिन फार कमी झाले की माणूस गोंधळतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, एकाचे दोन दिसते, चाल लडखडते. लडखडणारा माणूस पाहून घरातले म्हणतात, 'चोरून प्यायला वाटतं.' त्या संशयात उपचाराचे तास निघून जातात आणि नंतर त्या माणसाला नवीन काही आठवेनासे होते, सकाळी कोण भेटून गेले ते दुपारी सांगता येत नाही.

आपल्याकडे 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' ही पद्धत आहे. सलाईनच्या बाटलीत ग्लुकोज असेल तर ती साखर वापरण्यासाठी शरीराला थायमिन लागते, आणि उरलेसुरले थायमिन तिथेच संपते. म्हणून ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्याच्याबरोबर थायमिनचे इंजेक्शन हवे. रक्तातली साखर धोकादायक उतरली असेल तर ग्लुकोज थांबवायचे नाही, दोन्ही एकदम द्यायचे. नातेवाइकांनी सलाईन लावताना एकच वाक्य विचारावे, 'डॉक्टर, थायमिन दिलंय का?' लाल रंगाचे 'ताकदीचे' इंजेक्शन म्हणजे थायमिन असे समजू नये. तो लाल रंग ब-१२ चा असतो, त्यात ब-१ आहे की नाही हे वेगळे विचारावे लागते. पहिले काही दिवस इंजेक्शन आणि मग डॉक्टर सांगतील तितके महिने रोज १०० मिलीग्रॅमची गोळी किंवा त्याहून जास्त, असा साधारण क्रम असतो. साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत थायमिन या कामाला पुरेल इतके नसते.

याच कारणाने आमची श्रावण पाळणाऱ्या घरांना कळकळीची विनंती आहे की दारू सोडलेल्या माणसाला पहिले दहा दिवस उपवास धरू देऊ नका. पहिला श्रावणी सोमवार नेमका याच आठवड्यात येतो. दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाणा खाल्ला की साखर आधी उतरते, मग एकदम चढते, आणि साबुदाण्यात थायमिन जवळजवळ नसतेच. यकृत थकलेले असल्याने साखर सावरून धरायला शरीराजवळ दुसरे साधन नसते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर हे आणखी धोक्याचे. उपवास नंतरच्या सोमवारी धरता येईल. पहिल्या दिवशी जेवण जाणार नाही, तेव्हा दर दोन तासांनी अर्धी वाटी पातळ काहीतरी द्यावे. मीठ घातलेली तांदळाची पेज, मुगाचे कढण, ताक, लिंबूसरबत, नारळपाणी. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, केळे, शेंगदाण्याचा लाडू. गोड खावेसे वाटते, ते द्यावे. चहा-कॉफी दिवसाला दोन कपांवर नको, दुपारनंतर तर नकोच, कारण कंप आणि जागरण दोन्ही वाढतात. डोके दुखते म्हणून दुखीच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. पोटाची आतली त्वचा आधीच सोललेली असते, तिथून रक्त जाऊ शकते. उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी दिसली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे.

घरी राहणाऱ्यासाठी एक वही ठेवावी. दर चार तासांनी नाडी मोजायची, ताप पाहायचा, हात पुढे ताठ धरायला लावून बोटांवर कागद ठेवायचा आणि तो किती थरथरतो ते बघायचे. नाडी शांत बसलेली असताना १०० च्या वर राहू लागली तर डॉक्टरांना कळवायचे. १२० च्या वर गेली, ताप १०० च्या पुढे सरकला, उलट्यांनी पाणीही राहत नसेल किंवा भान सुटू लागले तर फोनवर सल्ला घेत बसायचे नाही, निघायचे. रात्री एक माणूस जागे हवे. तीन रात्री म्हणजे तीन माणसे ठरवावीत, एकट्या बायकोवर किंवा आईवर हे टाकू नये. भाऊ, मेहुणा, शेजारचे काका, कोणीही चालेल, फक्त स्वतः पिणारा नको.

फिट आली तर चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू सरकवा, डोक्याखाली घडी केलेले कापड ठेवा, झटके थांबताच कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा एकीमागोमाग दुसरी आली तर १०८. एकच फिट येऊन माणूस उठून बसला, तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचेच. फिटनंतर वाताची शक्यता वाढते, आणि पडताना डोक्याला मार लागला असेल तर तोही तपासावा लागतो.

हेच संकट एका वेगळ्या दाराने येते, त्याबद्दल कोणीच लिहीत नाही. माणूस मांडीचे हाड मोडून, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा डेंग्यूने रुग्णालयात दाखल होतो. दारू आपोआप बंद होते. तिसऱ्या दिवशी तो सलाईनची नळी उपटतो, पलंगावरून उतरून पळू लागतो. दाखल करताना 'कधीतरी घेतो' असे सांगितलेले असते, सासरची मंडळी समोर असतात म्हणून. डॉक्टर मग मेंदूतला ताप, जंतुसंसर्ग, भुलीचा परिणाम शोधत बसतात. दाखल करतानाच डॉक्टरांना बाजूला घेऊन खरे प्रमाण आणि शेवटचा पेला कधी झाला ते सांगितले तर पहिल्याच दिवशी औषध सुरू होते. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद असते, तेव्हाही रोज पिणाऱ्यांवर हीच वेळ येते, आणि ते ४८ तास फिटच्या ४८ तासांशी बरोबर जुळतात. दारू मिळेना म्हणून माणसे काहीही पितात. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. त्या माणसांना हौस नव्हती. थरथर थांबवायला त्यांना दवाखान्यातून गोळी मिळायला हवी होती.

'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर, एसटीच्या मागे, आणि खेदाने सांगावे लागते की वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतही दिसतात. या पुडीत काय असते हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यावर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमजोर असलेला माणूस दगावू शकतो. हे औषध चांगले आहे, पण ज्याला आपण ते घेतो आहोत हे ठाऊक आहे त्याच्यासाठी, आणि शेवटच्या पेल्यानंतर पुरता दिवस गेल्यावरच सुरू करायचे. त्याचा परिणाम बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहतो. त्या काळात खोकल्याची काही सिरपे चालत नाहीत, द्राक्षासव-दशमूलारिष्टासारखी आसवे-अरिष्टेही चालत नाहीत, कारण त्यांत आंबवण्यातून तयार झालेली दारू असते. भाजीत कालवलेल्या पुडीने पहिल्या पाच दिवसांतला कंप, फिट, वात यांतले काहीच थांबत नाही. पत्नी किंवा आई अगतिक होऊन ही पुडी घेते, तिला दोष देता येत नाही. पण आपण या जाहिराती छापणे थांबवावे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

व्यसनमुक्ती केंद्र निवडतानाही नीट विचारपूस करावी. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, तेव्हा महाराष्ट्राला हा मार्ग नवा होता. आज पाट्या खूप झाल्या आहेत. विचारायचे ते हे की पहिल्या पाच दिवसांत डॉक्टर रोज तपासतात का, रात्री परिचारिका असते का, फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता, घरच्यांना भेटू देता का. 'आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो, महिनाभर फोन नाही' असे उत्तर मिळाले तर तिथे पाठवू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या व्यसनातून आलेल्या मनोविकारांनाही लागू आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधणे त्यात बेकायदा ठरवले आहे.

पाच दिवस सरले की घरातले सुटकेचा श्वास सोडतात, आणि इथेच बरेच जण परत घसरतात. शरीर सावरलेले असते, झोप मात्र सावरलेली नसते. तिला काही आठवडे, कधी महिने लागतात. जागरणाने चिडलेल्या माणसाला कोणीतरी सांगते, 'एक नव्वद घे, झोप लागेल.' तलफ संध्याकाळी सातच्या आसपास येते, कारण शरीराला ती वेळ पाठ असते. ती लाटेसारखी चढते आणि साधारण अर्ध्या तासात उतरते. तेवढा अर्धा तास काढायची व्यवस्था आधी हवी. साडेसहालाच पोटभर जेवण, दुकानावरून न जाणारा परतीचा रस्ता, खिशात रोख नाही, फोनमधले पैसे तात्पुरते दुसऱ्या खात्यात, बैठकीतल्या मित्रांचे नंबर बंद, आणि ज्याला फोन करता येईल असा एक माणूस. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच संघटनेच्या मराठीतल्या सभा अनेक शहरांत, तालुक्यांत होतात, त्या फुकट असतात. तिथे असा माणूस मिळतो, आणि 'फक्त आजचा दिवस' एवढेच बोलायला शिकवतात. पगाराचा दिवस, बाजाराचा दिवस आणि मयताहून परतण्याची वेळ यांसाठी सोबत ठरवून ठेवावी. घरातल्यांनी तोंडाचा वास घेऊ नये, जुनी उणीदुणी या महिन्यात काढू नयेत. त्यांचे दुःख खरे असते, ते समुपदेशकाजवळ किंवा अल्-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाच्या सभेत सांगावे. तीन-चार आठवडे उलटूनही मन उदासच राहिले तर ते नैराश्य मानून उपचार घ्यावेत. तलफ कमी करणारी नॅलट्रेक्झोन, अॅकॅम्प्रोसेट, यकृत खराब असल्यास बॅक्लोफेन अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांकडे मागायला संकोच नको. आणि घसरण झालीच तर हे लक्षात ठेवावे की महिनाभराच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीइतकीच एका बैठकीत घेतली तर ती जीव घेऊ शकते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूमुळे अपाय होत असलेले किंवा दारूवर अवलंबून असलेले ५.७ कोटी लोक देशात आहेत, असे त्यात म्हटले आहे. अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळतो, रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. बाकीचे आपापल्या घरी, आपापल्या निश्चयावर सोडतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला वर्तमानपत्राइतके जवळचे दुसरे साधन आम्हाला दिसत नाही.

म्हणून आपल्याकडे एक मागणे आहे. गटारीच्या बातमीशेजारी एक चौकट छापावी. तीत तासांचा हिशेब, थायमिनचा प्रश्न, फिट आल्यावर काय करायचे ते, आणि तीन क्रमांक द्यावेत: रुग्णवाहिकेसाठी १०८, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. मात्र ती अमावास्येच्या अंकात देऊन उपयोग नाही. तोवर पेला भरलेला असतो आणि बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो. निदान पाच दिवस आधी, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी ती यावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी केसपेपर काढता येईल.

आपले,
व्यसनमुक्तीच्या कामातील काही डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक